बाहेरची पंगत, घरचा हिशेब

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं एका व्याख्यानास शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. जमलेल्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचार म्हणून पेला नुसता हातीं धरला. पुढें उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्ताचा वाद पुण्यांत दीर्घकाळ गाजला. घराबाहेर घेतलेला एक पेला चहा इतका महाग पडल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं. समुद्रप्रवासाचीही तीच गत होती. विलायतेहून परत आलेल्या तरुणाला पंक्तींत घ्यावें कीं नाहीं, यावर घराघरांत दोन तट पडत.

तो काळ गेला, आणि गेला तें बरेंच झालें. आज शनिवारीं सायंकाळीं मोठ्या उपाहारगृहाच्या दारांत नांव नोंदवून वाट पहात बसलेलीं आपल्याच घरचीं कुटुंबें दिसतात. ज्या आजीच्या सासूनें समुद्र ओलांडणें पाप मानलें, ती आजी आज नातवंडांबरोबर आगबोटीच्या वरच्या मजल्यावर उभी राहून सूर्यास्त पाहते. प्रायश्चित्त गेलें, बिल मात्र राहिलें.

बाहेर जेवूं नये किंवा सफरीला जाऊं नये, असा उपदेश करण्याचा आमचा हेतु नाहीं. घरांतील बायकांना अधूनमधून चुलीपासून सुटका मिळावी, वृद्धांनीं समुद्र पहावा, हें आम्हांला हवेंच आहे. प्रश्न एवढाच आहे कीं, तोच आनंद कमी पैशांत कसा घेतां येईल. आणि एकत्र कुटुंबांत त्या आनंदाचा भार घरांतील दुबळ्या खांद्यावर नकळत पडणार नाहीं, हें कसें पाहतां येईल.

हा दुसरा प्रश्न आम्हांला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या आठ माणसांनीं, म्हणजे आई, आम्ही तिघे भाऊ, तिघी सुना आणि धाकट्याची शाळकरी मुलगी, अशांनीं आग्नेय आशियांतील एका बंदरावरून चार रात्रींची बोटीची सफर केली. जाहिरातींतील भाड्याला आठानें गुणलें, विमानखर्च मिळविला, तीन सारखे वांटे केले आणि ज्यानें त्यानें आपला वांटा भरला. सफर उत्तम झाली. आईला इतकी हसतांना आम्हीं पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती. शेवटच्या रात्रीं हिशेबाचा कागद हातीं आला. नोकरवर्गाची बक्षिशी, पेयें, छायाचित्रें, एका खास भोजनगृहांतील जेवण, इंटरनेट, असें सारें मिळून रक्कम बोटीच्या भाड्याच्या निम्म्याच्या आसपास गेली होती. कोणी फसविलें नव्हतें. यांतील ओळ न् ओळ करारपत्रांत छापलेली होती. ती आम्हीं वाचली नव्हती इतकेंच.

त्या रकमेचेही तीन सारखे वांटे झाले. धाकट्यानें एक शब्द न बोलतां आपला वांटा दिला. पुढें गौरींच्या सणांत घरांतल्या बोलण्यांतून सहज कळलें कीं, तो वांटा भरण्यासाठीं धाकट्या भावजयीनें मुलीच्या नांवानें पोस्टांत चाललेली आवर्ती ठेव मुदतीपूर्वींच मोडली होती. थोरलेपणाचा मान आमच्याकडे होता, हिशेबाची वही आमच्या हातीं होती, आणि ही गोष्ट आम्हांला सहा महिन्यांनीं कळली. त्यानंतर त्या वहींत जें शिकून लिहीत गेलों, त्यांतूनच हा लेख निघाला आहे.

एकच सूत्र

उपाहारगृह आणि विहारनौका, ज्यांना आपण क्रूझ म्हणतों, यांचा धंदा एका बाबतींत सारखा आहे. जी किंमत ठळक अक्षरांत छापलेली असते ती ग्राहकाला दारांत आणण्यापुरती असते. नफ्याचा मोठा भाग आंत आल्यावर घडणाऱ्या किरकोळ खर्चांतून निघतो. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या जगांतील दोन अतिशय मोठ्या नौका-कंपन्यांचे २०२३ सालचे हिशेब पाहिले तर एकूण उत्पन्नाचा सुमारें तिसरा हिस्सा तिकिटांचा नसून बोटीवरील पेयें, खरेदी, जुगारघर, किनाऱ्यावरील सहली इत्यादींचा आहे, असें दिसतें. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्या शाकाहारी घरांतही प्रचारांत आहे, ती उगाच नव्हे.

यावरून निष्कर्ष सरळ आहे. खर्च जेथें होतो तेथें तो वांचविणें कठीण असतें. टेबलावर बसल्यावर किंवा बोट बंदरांतून सुटल्यावर माणूस ‘आतां आलोंच आहोंत तर’ या मनःस्थितींत असतो. पैसा वांचतो तो निघण्यापूर्वीं, घरच्या बैठकींत, कागद-पेन्सिल घेऊन.

उपाहारगृहांत

प्रथम नेहमींच्या प्रसंगाचा विचार करूं. बिलाच्या तळाशीं ज्या ओळी असतात, त्या वाचण्याची संवय प्रत्येक घरांतील एका तरी माणसाला असावी.

उपाहारगृहांतील जेवणावरील वस्तु व सेवा कर, म्हणजे जी.एस.टी., १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक ठिकाणीं ५ टक्के आहे. परंतु राहण्याच्या ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचें भाडें दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलेलें असतें, तेथील भोजनगृहांत हाच कर १८ टक्के पडतो. चार हजारांच्या जेवणावर एकीकडे २०० रुपये आणि दुसरीकडे ७२० रुपये, असा हा फरक आहे. वाढदिवस साजरा करण्याची जागा ठरवितांना पदार्थांच्या किंमतीबरोबर हें ५२० रुपयांचें अंतरही ध्यानांत घ्यावें. उलट, कांहीं लहान उपाहारगृहें शासनाच्या आपसमेळ योजनेखालीं, म्हणजे कॉम्पोझिशनखालीं, असतात. त्यांनीं आपला कर स्वतःच भरावयाचा असतो. गिऱ्हाइकाच्या बिलांत तो वेगळा लावण्याचा त्यांना अधिकार नसतो, आणि तसा उल्लेख बिलावर करणें त्यांना बंधनकारक असतें. असा उल्लेख असूनही कराची ओळ दिसली तर शांतपणें विचारावें.

दुसरी ओळ सेवाशुल्काची, म्हणजे सर्व्हिस चार्जची. पुष्कळ लोक हा सरकारी कर समजून मुकाट्यानें भरतात. तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें हें शुल्क आपोआप बिलांत घालतां येत नाहीं, आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्या सूचना ग्राह्य ठरविल्या. बिलांत तें आढळल्यास काढून टाकण्यास सांगावें. न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र येथें एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बिलांतील सेवाशुल्क नाकारणें वेगळें आणि वाढणाऱ्या मुलाच्या हातावर कांहीं न ठेवतां उठणें वेगळें. आपल्या आजोबांनीं वाढप्याला रिकाम्या हातानें पाठविलें नसतें. शुल्क काढून घ्यावें आणि बक्षिशी त्या मुलाच्या हातीं द्यावी.

तिसरी गोष्ट पाण्याची. बाटलीवर छापलेल्या किंमतीहून अधिक दर उपाहारगृहानें लावणें हा अपराध नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें दिला आहे, कारण तेथें नुसती बाटली विकली जात नसून बसण्याची जागा व सेवाही मिळते. म्हणून बसतांच ‘बाटली कीं साधें?’ असा प्रश्न आला कीं ‘साधें’ म्हणण्यांत संकोच मानूं नये. आठ माणसांना चार-पांच बाटल्या सहज लागतात, आणि त्यांतून पोट भरत नाहीं.

आतां मागविण्याची रीत. भूक तीव्र असतांना आठ जणांनीं आठ पदार्थ सांगितले कीं तीन पदार्थ टेबलावर उरतात, हें ठरलेलें आहे. यादींतील एक भाजी बहुधा दोघांना पुरते. म्हणून प्रथम माणसांच्या निम्मे पदार्थ मागवावे; पोळी-भाकरी लागेल तशी सांगावी; भात सर्वांत शेवटीं, तोही पोटाचा अंदाज घेऊन. आदेश एकाच माणसानें द्यावा, पण सर्वांना विचारून. उरलेलें अन्न बांधून घेण्यांत कमीपणा नाहीं. टाकलेल्या अन्नांत आहे.

मर्यादा नसलेली थाळी तरुण मुलांना परवडते; आजीला आणि सहा वर्षांच्या नातवाला ती परवडत नाहीं. एका थाळींत दोघांनीं जेवणें बहुतेक ठिकाणीं चालत नाहीं. तेव्हां ज्या जागीं थाळी आणि सुटे पदार्थ दोन्ही मिळतात, ती जागा एकत्र कुटुंबाला सोयीची. आजीला दहींभात मिळाला म्हणजे ती तृप्त असते. पेयें आणि गोड पदार्थ यांवर उपाहारगृहाचा नफा मोठा असतो. जेवण बाहेर करावें आणि आइस्क्रीम किंवा खरवस घरीं येऊन खावा. गप्पाही घरींच अधिक रंगतात.

मोठ्या हॉटेलांत दुपारचें जेवण रात्रीच्या जेवणाहून आणि मधल्या वाराचें जेवण शनिवार-रविवारच्या जेवणाहून बहुधा स्वस्त असतें. अमुक कार्डानें पैसे दिल्यास सूट, अशा जाहिराती असतात. पण सूट मिळण्यासाठीं बिल अमुक रकमेच्या वर न्यावें लागतें. दोनशे रुपये वांचविण्यासाठीं तीनशेंचा पदार्थ मागविणें हा कोणत्याही वहींत नफा होत नाहीं. घरपोंच मागविलेल्या जेवणाचेंही तसेंच. यादींतील दर, बांधणीचा आकार, पोंचविण्याचा आकार आणि मागणी नोंदविणाऱ्या कंपनीचा आकार, असे चार आंकडे बेरीज करून पहावे. जवळचें उपाहारगृह असल्यास घरांतील एखाद्या मुलानें डबा घेऊन जाऊन आणणें अजूनही सर्वांत स्वस्त आहे.

आगबोटीवर

कोंकणांतील घरांना आगबोट नवीन नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, वेंगुर्ले अशी बोट घेतलेली पिढी अजून घराघरांत आहे. त्या प्रवासांत खर्च म्हणजे तिकीट. जेवणाला घरच्या दशम्या आणि चटणी, अंथरुणाला वळकटी. आजच्या विहारनौकेवर प्रवास हा निमित्तमात्र असतो. तें चालतेंफिरतें हॉटेलच होय. या धंद्याची सुरुवातही सूचक आहे. पी. अँड ओ. कंपनीनें १८४४ सालीं भूमध्यसमुद्रांतील सफरीसाठीं इंग्रज लेखक थॅकरे यास फुकट तिकीट दिलें. त्यानें त्या प्रवासावर पुस्तक लिहिलें आणि कंपनीला हवी ती प्रसिद्धि मिळाली. बोटीवर जें फुकट दिसतें, त्याची किंमत कोठें तरी वसूल होत असते, हें तेव्हांपासून खरें आहे.

आज मुंबईहूनही गोवा, लक्षद्वीप इत्यादि दिशांना अशा सफरी निघतात, आणि बॅलार्ड पिअरजवळ इंदिरा गोदींत सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या प्रशस्त नौकास्थानकाचें उद्घाटन झालें. पुष्कळ कुटुंबें सिंगापूरहून बोट घेतात. आणि ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत ते आईवडील मायामी किंवा सिअॅटलहून जातात. कोठूनही जा, हिशेबाचे तीन रकाने करावे: छापील, अटळ आणि ऐच्छिक.

छापील रकान्यांत तिकिटाचें भाडें. तें माणशीं असतें, पण एका खोलींत दोघे राहतील असें गृहीत धरून. एकट्या माणसाला पुष्कळदां जवळजवळ दुप्पट भाडें पडतें. उलट, त्याच खोलींतील तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचें भाडें बहुधा बरेंच कमी असतें. म्हणून आजीला वेगळी खोली न घेतां नातीबरोबर मोठ्या खोलींत ठेवणें पैशाच्याही सोयीचें आणि मायेच्याही.

खिडकी नसलेली आंतली खोली सर्वांत स्वस्त. जेवण तेंच, गच्ची तीच, समुद्र तोच. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठीं बोटीच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावरची खोली उत्तम, कारण तेथें हेलकावा कमी जाणवतो. अशा खोल्या वरच्या मजल्यांवरील खोल्यांहून बहुधा स्वस्तही असतात. प्रकृति आणि पैसा यांचें एकमत होण्याचे असे प्रसंग थोडेच.

भाडें दिवसागणिक चढतें-उतरतें. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे महाग दिवस. ज्या घरीं शाळकरी मुलें आहेत, त्यांनीं भाऊबीज घरीं करून सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत निघावें. त्या आठवड्यांतील दर एकदां अवश्य ताडून पहावे. अमेरिकेकडे अलास्काच्या सफरी मे आणि सप्टेंबरमध्यें स्वस्त असतात. कॅरिबियन समुद्रांत जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. तेव्हां दर उतरतात, पण मार्ग ऐन वेळीं बदलण्याची तयारी ठेवावी लागते. अनेक अमेरिकन कंपन्या, अंतिम रक्कम भरण्याच्या मुदतीपूर्वीं भाडें उतरल्यास, तो फरक देतात. पण मागितल्याशिवाय तो मिळत नाहीं. म्हणून तिकीट काढल्यावरही दर आठवड्याला दर पहाण्याचें काम घरांतील एका तरुणाकडे सोंपवावें.

अटळ रकान्यांत बंदरशुल्क व कर, विमानभाडें, व्हिसा, विमा आणि नोकरवर्गाची बक्षिशी. ही बक्षिशी म्हणजे आमच्या त्या कागदावरील सर्वांत मोठी ओळ. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत ती माणशीं दर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असून मुलांनाही बहुधा लागू असते. आठ माणसें, पांच रात्री, रोजचे १८ डॉलर धरले तर ७२० डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी ही रक्कम ६१,२०० रुपये आहे. ती द्यावयाचीच आहे, कारण खोली झाडणाऱ्याची आणि ताट वाढणाऱ्याची मिळकत बरीचशी तीवर अवलंबून असते. पण निघण्यापूर्वीं ती वहींत असली पाहिजे.

व्हिसाच्या बाबतींत एक उदाहरण उपयोगी पडेल. सिअॅटलहून अलास्काला जाणारी बोट वाटेंत कॅनडाच्या एखाद्या बंदरांत, पुष्कळदां व्हिक्टोरियाला, थांबते. याचें कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा. परदेशी निशाणाच्या बोटीला अमेरिकन बंदरांहून अमेरिकन बंदरांकडेच प्रवासी नेतां येत नाहींत; मध्यें परकी बंदर घ्यावें लागतें. आणि या मोठ्या बोटी बहुतेक परदेशी निशाणाच्याच असतात. परिणामीं मुलाकडे गेलेल्या आईवडिलांजवळ अमेरिकेचा व्हिसा असला तरी भारतीय पारपत्रावर कॅनडाचाही व्हिसा लागतो. त्याचें शुल्क १०० आणि बोटांच्या ठशांचे ८५, असे माणशीं १८५ कॅनेडियन डॉलर आहेत, दोघांचे ३७०. हें आधीं न कळल्यास बोट डोळ्यांदेखत निघून जाते आणि भाडें परत मिळत नाहीं. परदेशी सहलीचें पॅकेज घेतांना जो टी.सी.एस. वसूल होतो, तो मात्र बुडत नाहीं. आयकराच्या विवरणपत्रांत त्याचें श्रेय मिळतें. तें घेण्यास विसरूं नये.

ऐच्छिक रकान्यांत उरलेलें सर्व. मुख्य भोजनगृहांतील आणि बुफेमधील जेवण, साधें पाणी, साधा चहा-कॉफी भाड्यांतच असतात. खास भोजनगृहें, बाटलीबंद व थंड पेयें, मद्य यांचे पैसे वेगळे. मद्य न घेणाऱ्या घरानें पेयांचा एकत्रित पास घेणें म्हणजे दुसऱ्याच्या तहानेचे पैसे भरणें होय. शाकाहार, कांदा-लसूण वर्ज्य, उपवास यांविषयीं तिकीट काढतांनाच लेखी कळवावें. नाहीं तर आयत्या वेळीं खास भोजनगृहांत जाण्याची पाळी येते. घरीं शिजविलेलें अन्न, विजेची किटली, इस्त्री हीं बोटीवर नेऊं देत नाहींत. कारखान्यांत सीलबंद केलेला चिवडा, राजगिऱ्याची वडी बहुधा चालते. फळें मात्र खिशांत घालून किनाऱ्यावर उतरूं नये; पुष्कळ देशांत त्याला दंड आहे.

भ्रमणध्वनि बोट सुटतांच विमान-स्थितींत टाकावा, कारण समुद्रांतील उपग्रहमार्गे चालणाऱ्या जाळ्याचे दर अवाच्या सवा असतात. सर्व कुटुंबांत इंटरनेटचा एकच पास घ्यावा आणि घरची खुशाली बंदरांत उतरल्यावर कळवावी. भारतीय क्रेडिट कार्डावर परकी चलनाच्या खर्चास बहुधा २ ते ३.५ टक्के अधिक आकार पडतो. ‘रुपयांत भरावयाचे का?’ असें यंत्रानें विचारल्यास नको म्हणावें. त्या रूपांतरांत दर आणखी वाईट असतो. बोटीवर रोख पैसा चालत नाहीं, हातांतील एका कार्डावर सर्व चढत जातें. आणि म्हणूनच तें चढलेलें जाणवत नाहीं. रोज रात्रीं स्वागतकक्षांतून किंवा खोलींतील पडद्यावर आपलें खातें पहावें. चुकीची नोंद बोटीवर असतांना दुरुस्त होते. घरीं आल्यावर पत्रव्यवहार करावा लागतो.

किनाऱ्यावरील सहली कंपनीकडून घेतल्यास महाग, स्वतः केल्यास स्वस्त. पण कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते किंवा कंपनी सोय करते; स्वतः गेलेल्यांसाठीं ती थांबत नाहीं. तेव्हां स्वतः जावयाचें असल्यास ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीं परत यावें. दूरचें ठिकाण आणि वृद्ध माणसें असतील तर कंपनीचीच सहल घ्यावी.

जेथें काटकसर करूं नये

चार गोष्टी अशा आहेत कीं, तेथें वांचविलेला रुपया पुढें शंभर रुपये घेऊन जातो. पहिली, प्रवासविमा. आपल्याकडील सर्वसामान्य आरोग्यविमा परदेशांत बहुधा लागू नसतो, आणि बोटीवरील डॉक्टर फुकट नसतो. आईवडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर जुन्या आजारांबाबतचें कलम वाचूनच विमा घ्यावा. दुसरी, बोट सुटण्याच्या आदल्या दिवशीं त्या बंदराच्या गांवीं पोंचणें. एका रात्रीचें हॉटेल वांचविण्यासाठीं त्याच दिवसाचें विमान धरलें आणि तें लांबलें, तर सगळ्यांचें भाडें बुडतें. तिसरी, वृद्धांचीं औषधें. तीं ठरलेल्या दिवसांपेक्षां आठवडाभर अधिक, आणि हातांतल्या पिशवींत. चौथी, हातानें कष्ट करणाऱ्यांची बक्षिशी, जिच्याविषयीं वर लिहिलेंच आहे.

वांटे कसे करावे

आतां मुख्य गोष्ट. एकत्र कुटुंबांत चूल एक असली तरी पगार एक नसतात. घरखर्चाची वांटणी पुष्कळ घरांत ऐपतीप्रमाणें होते. पण चैनीच्या खर्चाची वेळ आली कीं मानापमान आड येतो आणि सारखे वांटे पडतात. ज्याची मिळकत कमी तो ‘नाहीं’ म्हणत नाहीं, कारण ‘नाहीं’ म्हटल्यानें आईची हौस मोडते आणि मुलांना शरम वाटते. जो ‘नाहीं’ म्हणूं शकत नाहीं, त्याच्या संमतीला संमति समजणें ही वडीलधाऱ्यांची चूक आहे. ती आम्हीं केली.

आमच्या घरीं आतां असा प्रघात आहे. तिन्ही रकान्यांची बेरीज थोरल्यानें आधीं एकट्यानें करावयाची. आईचा सर्व खर्च थोरल्याकडे. छापील आणि अटळ खर्चाचे वांटे मिळकतीच्या प्रमाणांत. तें प्रमाण भावाभावांनीं खाजगीत ठरवावयाचें, सर्वांसमोर नव्हे. ऐच्छिक खर्च ज्याचा त्यानें करावयाचा, परंतु मुलांचा ऐच्छिक खर्च सामाईक, कारण एका मुलानें आइस्क्रीम खावें आणि दुसऱ्यानें पहात रहावें, हें एका घरांत शोभत नाहीं. आणि एकूण आंकडा पेलण्यापलीकडे गेला, तर दिवस कमी करावयाचे, बोट लहान घ्यावयाची, खोली आंतली घ्यावयाची. पण माणूस कमी करावयाचें नाहीं.

उपाहारगृहाच्या बाबतींतही हेंच. महिन्यांतून एकदां बाहेर जेवावयाचें ठरलें असेल, तर त्यासाठीं एका डब्यांत महिनाभर ज्याला जमेल तितकें टाकावें, आणि डब्यांत जितके असतील तितक्यांतच जागा निवडावी. कोणीं किती टाकले हें कोणी मोजूं नये. डबा कमी भरला त्या महिन्यांत आम्ही मिसळ खाऊन आलों आहोंत, आणि मुलांना ती संध्याकाळ अजून आठवते.

पुढच्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं पुन्हां सफरीचा बेत आहे. या वेळीं मुंबईहूनच, दोन रात्रींची, आणि खोल्या आंतल्या. वहींतील तिसऱ्या रकान्याखालीं रेघ ओढून बेरीज झाली आहे, आणि ती तिघांनीं पाहिली आहे. मुलीच्या नांवाची ठेव पोस्टांत पुन्हां सुरू आहे. तिचा हप्ता भरल्यावरच सफरीचा वांटा भरावयाचा, अशी धाकट्या भावजयीनें अट घातली. ती सर्वांनीं मान्य केली आहे.